मांजर, दूध आणि आपला तक्ता

परीक्षण म्हटले की पुस्तकाचे, असा आपला समज असतो. या लेखात मात्र परीक्षण करायचे आहे ते एका चित्राचे. प्राथमिक शाळेच्या वर्गात जा. 'प्राणी व त्यांचे अन्न' असा एखादा तक्ता भिंतीवर बहुधा दिसेलच. गाईपुढे गवत, माकडापुढे केळे, सशापुढे गाजर आणि मांजरापुढे दुधाने भरलेली बशी. अंकलिपीत, रंगवायच्या वहीत, गोष्टीच्या पुस्तकात हेच मांजर पुन्हा पुन्हा भेटते. आपल्या म्हणीही त्याला दुजोरा देतात. मांजर डोळे मिटून दूध पिते, शिंके तुटले की बोक्याचे फावते. इतक्या बाजूंनी आलेली गोष्ट खोटी असेल, अशी शंका मुलांना येत नाही आणि शिक्षकांनाही येत नाही.

मलाही ती आली नव्हती. दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या शाळेच्या अडगळीच्या खोलीत सातवीच्या मुलांना मांजराची चार पिल्ले सापडली. डोळे उघडलेले होते, पण चाल डुगडुगती होती. आई दिसली नाही. मुलांनी खोके आणले, त्यात गोणपाट अंथरले आणि एका मुलीने घरून म्हशीचे दूध आणले. 'दूध जड पडेल' म्हणून त्यात पाणी घालायला मीच सांगितले. पिल्लांनी ते ड्रॉपरने चुटूचुटू प्यायले आणि आम्ही सगळे खूश झालो. दुसऱ्या दिवशी गोणपाटावर पिवळट पाण्यासारखी घाण होती. 'पोट साफ होतेय' असे मी म्हणाले. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन पिल्ले गार पडून होती, मान उचलत नव्हती. त्यांना घेऊन गुरांच्या दवाखान्यात गेलो. तोवर फार उशीर झाला होता. उरलेली दोन वाचली. परत येताना एक मुलगा म्हणाला, ''बाई, पण तक्त्यावर तर दूधच आहे ना?''

तो तक्ता मीच टांगला होता. म्हणून हे परीक्षण मला टाळता येत नाही.

चित्रात खरे काय आहे?

टीका करताना आधी दुसऱ्या बाजूचे म्हणणे नीट मांडावे. चित्र काढणाऱ्याने काही कल्पनेतून बशी काढली नाही. मांजर दुधाकडे धावते, हे निरीक्षण खरेच आहे. पण ते मोठ्या मांजराचे निरीक्षण आहे, आणि त्यातून 'दूध हे मांजराचे अन्न' असा निष्कर्ष काढला गेला आहे. एखाद्या प्राण्याला काय आवडते आणि त्याला काय मानवते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. माशी गुळावर बसते म्हणून गूळ हे माश्यांचे अन्न असे आपण तक्त्यात लिहीत नाही.

मांजर दुधाकडे कशासाठी येते? गोडीसाठी तर नक्कीच नाही. मांजराला गोड चव कळतच नाही. जिभेवर गोडी ओळखणारा जो ग्राहक असतो, त्याचा एक भाग बनवणारे जनुक मांजराच्या कुळात निकामी झालेले आहे, हे २००५ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील संशोधकांनी दाखवले. त्यामुळे साखर घातलेले दूध आणि बिनसाखरेचे दूध यांत मांजराच्या दृष्टीने गोडीचा फरक नाही. त्याला ओढ आहे ती दुधातल्या स्निग्धांशाची आणि प्रथिनांची.

मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याला अन्नातूनच मिळावे लागते, आणि ते मांस-मासळीत असते, वनस्पतींत जवळजवळ नसते. टॉरिन कमी पडले तर मांजराच्या डोळ्यांतला दृष्टिपटल खराब होतो, हे १९७५ साली दिसून आले. त्याच उणिवेने हृदयाचे स्नायू दुबळे होतात, हे १९८७ साली कळले. म्हणजे तक्त्यात मांजरापुढे काही ठेवायचेच असेल तर उंदीर किंवा मासळी ठेवायला हवी. तक्तेवाल्यांना ते सोज्वळ वाटले नसावे. घरातल्या मनीमाऊने उंदीर खाल्लेला आपल्याला चालतो, चित्रात मात्र नको असतो.

चूक नेमकी कुठे?

आता पिल्लांकडे वळू. इथे एक वाचक मला अडवील. 'पिल्लू तर आईचे दूधच पिते; मग दूध त्याला का सोसू नये?' प्रश्न रास्त आहे. 'मांजरांना दूध पचत नाही' असे सरसकट उत्तर देणे हीसुद्धा चूकच आहे.

दुधात लॅक्टोज म्हणजे दुग्धशर्करा असते. ती पचवण्यासाठी लहान आतड्यात लॅक्टेज नावाचे विकर लागते. अंगावर पिणाऱ्या पिल्लाजवळ हे विकर असते. दूध सुटल्यावर त्याचे प्रमाण उतरत जाते. बहुतेक सस्तन प्राण्यांत असेच घडते. जगातील निम्म्याहून अधिक माणसांतही मोठेपणी ते कमी होते, आणि म्हणूनच कित्येकांना पेलाभर दूध प्यायल्यावर पोटात गुरगुरते. तेव्हा लहान पिल्लाला लॅक्टोज मुळीच चालत नाही, असे नाही. प्रश्न आहे तो किती, याचा.

थोडे गणित करू. वर्गातही करता येईल असे आहे. १०० ग्रॅम गाईच्या दुधात प्रथिने सुमारे ३.३ ग्रॅम आणि लॅक्टोज सुमारे ४.७ ग्रॅम असते. मांजरीच्या दुधात तेवढ्याच वजनात प्रथिने सुमारे ७ ग्रॅम किंवा अधिक आणि लॅक्टोज सुमारे ४ ग्रॅम असते. आईच्या १०० ग्रॅम दुधातून मिळणारी ७ ग्रॅम प्रथिने पिल्लाने गाईच्या दुधातून मिळवायची ठरवली, तर त्याला सुमारे २१० ग्रॅम दूध प्यावे लागेल. त्यातून सुमारे १० ग्रॅम लॅक्टोज पोटात जाईल. म्हणजे त्याच वाढीसाठी अडीचपट साखर. म्हशीच्या दुधात प्रथिने आणि स्निग्धांश जास्त असल्याने हा हिशेब थोडा सुधारतो, पण तरीही साखर दुपटीच्या आसपास राहते.

मग त्यात पाणी घातले तर? मी नेमके हेच केले होते. पाणी घातल्याने प्रथिने आणि साखर दोन्ही सारखीच पातळ होतात. त्यांचे गुणोत्तर तसेच राहते. शिवाय पिल्लाचे इवलेसे पोट पाण्याने भरते आणि ते उपाशीच राहते. 'दूध जड पडते म्हणून पाणी घाला' हा सल्ला मोठ्या मायेने दिला जातो, पण गुणोत्तर शिकवणाऱ्या शिक्षकाने तो द्यायला नको होता.

न पचलेल्या साखरेचे पुढे काय होते? ती आतड्यात तशीच राहते आणि परासरणाने शरीरातले पाणी आतड्यात ओढून घेते. पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात; वायू आणि आम्ले तयार होतात. पोट फुगते आणि पाण्यासारखे जुलाब होतात. बटाट्याच्या फोडीवर साखर घातली की तिला पाणी सुटते, हा प्रयोग आपण परासरण शिकवताना करतो. पिल्लाच्या आतड्यात घडते ते त्याच जातीचे. धडा आणि पिल्लू एकाच शाळेत होते, पण आम्ही दोघांची सांगड घातली नाही.

दुसरा दोष : एकाच कारणावर बोट

एवढे वाचून कोणी म्हणेल, 'ठीक आहे, दूध बंद केले की जुलाब बंद.' इथे दूधविरोधी लेखकांनाही दोष द्यायला हवा. प्राणी पाळण्याविषयीचे बरेचसे लेखन आता 'मांजराला दूध देऊ नका' एवढे सांगून थांबते. जुन्या तक्त्याने एक सोपे उत्तर दिले होते, नव्या लेखनाने दुसरे दिले.

पिल्लाला जुलाब होण्याची कारणे अनेक आहेत. एका वेळी फार पाजणे, अन्न एकदम बदलणे, उकाड्यात तासन्‌तास उघडे राहिलेले दूध ही झाली आहाराची कारणे. त्याखेरीज जंत असतात. मांजराचा गोलकृमी तर आईच्या दुधातूनही पिल्लात येतो, त्यामुळे 'अजून बाहेरचे काही खाल्ले नाही, जंत कुठून होणार?' हा युक्तिवाद टिकत नाही. कॉक्सिडिया आणि जिआर्डिया हे एकपेशीय परजीवीही हगवण लावतात. आणि सर्वांत भयंकर म्हणजे पॅनल्युकोपेनिया हा विषाणूचा रोग. यात ताप, उलट्या, जुलाब होतात, रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात आणि लस न मिळालेली पिल्ले एकदोन दिवसांतही दगावतात. हा विषाणू घरात, खोक्यात, गोणपाटात महिनोन्‌महिने टिकून राहतो. मेलेल्या पिल्लाच्या खोक्यात दुसरे पिल्लू ठेवू नये, ते यासाठी.

ही सारी कारणे बाहेरून पाहून ओळखता येत नाहीत. गोणपाटावरची घाण साधारण सारखीच दिसते. म्हणूनच पशुवैद्याकडे ताजी विष्ठा स्वच्छ डबीत नेणे उपयोगी पडते. सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी दिसली की अंदाजाची जागा निदान घेते.

तिसरा दोष : लहान म्हणजे मोठ्याची छोटी आवृत्ती

पुस्तिकांमधून आणखी एक सल्ला भेटतो. पोट बिघडले तर एक दिवस उपाशी ठेवावे, म्हणजे आतड्याला विश्रांती मिळते. हा सल्ला मोठ्या प्राण्यांसाठी म्हणून कधीकाळी दिला गेला. पिल्लांसाठी तो घातक आहे. पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा अगदी थोडा असतो. काही तास उपाशी राहिले तरी रक्तातील साखर उतरते, ते सुस्त होते, गार पडते.

पाण्याचेही तसेच. तीन आठवड्यांचे पिल्लू सुमारे ३०० ग्रॅम वजनाचे असते. जुलाबावाटे त्याचे ३० ग्रॅम पाणी गेले, म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे, तर शरीराचा दहावा भाग गेला. ३० किलो वजनाच्या मुलाच्या शरीरातून ३ लिटर पाणी गेल्यासारखेच हे आहे. तसे मूल आपण दुसऱ्या दिवसाची वाट पाहत घरी ठेवू का? १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रोग्यांना मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले, ही गोष्ट आपण वर्गात सांगतो. तिचे तात्पर्य हे की जुलाबात मारते ते पाण्याचे नुकसान. पिल्लाला ते तितकेच लागू आहे. मात्र निपचित पिल्लाच्या तोंडात बळेबळे पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. अशा वेळी पशुवैद्य कातडीखाली द्रव देतात, आणि ते काम त्यांचेच.

गार पडलेल्या पिल्लालाही आधी पाजू नये. त्याचे आतडे थंडावलेले असते, दूध पुढे सरकत नाही. आधी ऊब, मग अन्न. कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली जवळ ठेवावी आणि त्याला सरकून दूर जाता येईल एवढी जागा सोडावी.

दवाखाना केव्हा?

आपल्या तक्त्यांत आणि पुस्तकांत हा प्रश्न जवळजवळ कोठेच येत नाही. त्याचे उत्तर शिक्षकांजवळ असावे म्हणून ते सविस्तर देतो आहोत.

पिल्लू आठ आठवड्यांपेक्षा लहान असेल आणि पातळ जुलाब होत असतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. 'उद्या बघू' नको. वय कितीही असो, पुढीलपैकी काहीही दिसले तर तास मोजत बसू नये : विष्ठेत रक्त किंवा डांबरासारखा काळा रंग, जुलाबाबरोबर उलट्या, दोन वेळचे पिणे-खाणे सोडणे, अंग गार लागणे किंवा ताप, हिरड्या पांढुरक्या किंवा चिकट-कोरड्या, पोट ढोलासारखे फुगलेले, हाक मारली, हात लावला तरी न हालणे. कातडीची चिमूट घेऊन पाणी कमी झाले का हे पाहण्याची रीत फार लहान पिल्लांत भरवशाची नाही. त्यापेक्षा लघवीचा रंग पाहावा. लहान पिल्लाची लघवी जवळजवळ बिनरंगाची असते. ती गर्द पिवळी झाली तर पाणी कमी पडते आहे.

उलट, तीन महिन्यांचे पिल्लू एकदा पातळ बसले, पण उड्या मारते आहे, खाते आहे, तर एक दिवस लक्ष ठेवायला हरकत नाही. चोवीस तासांत सुधारले नाही तर मात्र न्यावे.

सगळ्यांत चांगले साधन म्हणजे तराजू. जन्मतः पिल्लू साधारण १०० ग्रॅमचे असते आणि रोज सुमारे १० ते १५ ग्रॅमने वाढते. स्वयंपाकघरातला किंवा प्रयोगशाळेतला ग्रॅम दाखवणारा काटा घ्यावा, रोज ठरावीक वेळी वजन करावे, आलेख काढावा. वजन वाढत नसेल तर काहीतरी बिघडले आहे, हे जुलाबाच्या आधीच कळते. आमच्या उरलेल्या दोन पिल्लांचा असा आलेख मुलांनी काढला. तो प्रगतिपुस्तकापेक्षा जास्त वेळा पाहिला गेला.

काय देऊ नये, हेही सांगायला हवे. घरातली माणसांची जुलाबाची औषधे देऊ नयेत. पॅरासिटामॉल तर मांजराला विषच आहे. ते निरुपद्रवी करण्याची यंत्रणा त्याच्या यकृतात फार दुबळी असते आणि एक गोळीही जीव घेऊ शकते. खोके फिनाईलने धुऊ नये, तेही मांजरांना बाधते.

पिल्लू सापडले तर

पहिली गोष्ट म्हणजे ते उचलूच नये. आई बहुधा भक्ष्य शोधायला गेलेली असते किंवा एकेक पिल्लू हलवत असते. पिल्ले उबदार आणि शांत असतील तर दूर राहून काही तास वाट पाहावी. आमच्या चार पिल्लांची आई कदाचित आमच्या गर्दीला भिऊन परतली नसेल, हा विचार मला अजून टोचतो.

आई खरोखरच नसेल तर दवाखान्यात विचारून मांजराच्या पिल्लांसाठी बनवलेली दूधभुकटी मिळवावी. दोन आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला दर दोनतीन तासांनी पाजावे लागते. पाजताना ते पालथेच असावे, तान्ह्या बाळासारखे उताणे धरू नये. सुमारे तीन आठवड्यांपर्यंत त्याला आपले आपण शी-शूही करता येत नाही. आई चाटून ते करवते. आपण ओल्या कोमट कापसाच्या बोळ्याने हळुवार पुसावे. चार आठवड्यांपासून मऊ खाणे हळूहळू सुरू होते. जंतांचे औषध आणि लस यांचे वेळापत्रक पशुवैद्य ठरवतील.

मुलांच्या हाताचा विचारही करायला हवा. मांजराचे जंत माणसातही शिरू शकतात. पिल्लाला हात लावल्यावर साबणाने हात धुणे सक्तीचे असावे. पिल्लू चावले किंवा ओरबाडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि मुलाला लगेच डॉक्टरांकडे न्यावे. रेबीज मांजरापासूनही होतो. 'एवढेसे तर पिल्लू' म्हणून हे टाळू नये.

तक्त्याचे काय करायचे?

तक्ता फाडून टाकावा, असे माझे म्हणणे नाही. चुकीचे चित्र हे विज्ञान शिकवण्याचे उत्तम साधन आहे, मात्र ते चुकीचे आहे हे सांगितले तर. मुलांना विचारावे, हे चित्र कोणत्या निरीक्षणावरून काढले असेल? त्या निरीक्षणातून हा निष्कर्ष निघतो का? तो तपासायला आणखी कोणती माहिती लागेल? सशाचे गाजर आणि माकडाचे केळेही मग आपोआप चौकशीच्या फेऱ्यात येतील.

आमच्या वर्गात तो तक्ता आजही आहे. मुलांनी दुधाच्या बशीवर कागद चिकटवून त्यावर मासळी काढली आहे. खाली पेन्सिलीने लिहिले आहे : 'पिल्लू असेल तर आधी आईची वाट पाहा.' त्याशेजारी गुरांच्या दवाखान्याचा फोन क्रमांक आणि उघडण्याची वेळ आहे. दवाखान्याला 'गुरांचा' म्हणतात म्हणून तिथे मांजर चालत नाही, अशी आमच्या गावात बऱ्याच जणांची समजूत होती. तिथल्या डॉक्टरांनी ती हसून दूर केली. आपल्या शाळेजवळचा असा दवाखाना कुठे आहे आणि केव्हा उघडतो, हे या महिन्यातच पाहून ठेवावे. पावसाळ्यात एखादे खोके आपल्याही वर्गात येईल.